झिरो पाहून घ्या

दुपारी दोन ते रात्री दहा मी हेच म्हणते
अजनीच्या पंपावर, स्कार्फ नाकावर ओढून:
झिरो पाहून घ्या.
कोणी पाहत नाही. लोक मोबाईल पाहतात,
सिग्नल पाहतात, माझ्या नावाची पट्टी पाहतात,
आणि आकडे सुटतात.
टिंबाच्या डावीकडचे चालत जातात,
उजवीकडचे पळतात,
एप्रिलातल्या डांबरावर अनवाणी पोरं पळावीत तसे.

साडेदहाला रामबागेत, कुलरसमोर
सुगतची वही उघडी असते.
सातवी ब. दशांश अपूर्णांक, समीकरणे, सराव संच.
कुलर पाणी ओढतो, सुगत पेन्सिल चावतो.
"आई, बारा तं नवापेक्षा मोठा असते ना?"
०.१२ > ०.९ असं लिहून ठेवलेलं,
त्यावर डोंगरे मॅडमची लाल फुली.
मॅडमनी तीनदा सांगितलं आहे म्हणे,
टिंबानंतर आकडे सुटे सुटे वाचायचे,
बारा नाही. एक, दोन.

माझी नववी गणितातच गेली होती.
पण हे मला हातानं येतं.
लिटरची बाटली घेतली, पाण्याची.
"हे पाय. पॉइंट नऊ म्हणजे इथवर, गळ्यापर्यंत.
अन् पॉइंट एक दोन?
तेवढं तं नळीतच राहून जाते, बाबू."
तो हसला. फुलीच्या खाली
पुन्हा लिहिलं, चिन्हाचं तोंड फिरवून.

मग ०.४ क्ष + १.५ = ३.९
टिंबं पाहूनच त्याचा हात थांबतो,
भातात खडा लागल्यासारखा.
"दोन्हीकडे दहानं गुण," मी पुस्तकातलंच वाचते,
"एकीकडे गुणून दुसरीकडे विसरू नको."
४ क्ष + १५ = ३९.
टिंबं गेली. कुठं गेली, तो विचारतो.
मला नाही माहीत.
सहा आलं. मागच्या पानावरही सहाच होतं,
तरी त्यानं दोनदा ताडून पाहिलं.

पर्स उघडताना आजची चिठ्ठी खाली पडली.
तूट: ५३ रुपये. सही, मेश्राम बाई.
पगारातून जातील.
मी उचलायच्या आत त्यानं उचलली
आणि सराव संच सोडून, वहीच्या समासात
आपलंच एक मांडलं:
लिटरला १०६.
१०६ क्ष = ५३.
जीभ ओठाबाहेर, भुवया एकत्र.
"०.५! अर्धा लिटर, आई. कोनाले देलं बे फुकट?"
"बे कोणाले म्हणतो?"

क्ष त्याला आत्ता सापडला.
मला संध्याकाळी सातलाच सापडला होता:
लाल कोट, खांद्याला सोनेरी झालर, एक बटण गळालेलं,
लुना ढकलत आलेला,
कॅरिअरला सुतळीनं बांधलेला मोठा पितळी भोंगा.
"अर्धाच टाका, बाई. वरात उभी आहे मानेवाड्यात.
मालकानं पैसे देले का आणून देतो."
मी काही विचारलं नव्हतं,
तरी त्यानं खिसे उलटे करून दाखवले.
नोझल लावलं. सवयीनं तोंडून निघालं,
झिरो पाहून घ्या.
आणि त्यानं पाहिलं. वाकून,
कपाळावर हाताची सावली धरून,
शून्य, पॉइंट, शून्य, शून्य,
मोठ्यानं वाचलं, सुटं सुटं,
डोंगरे मॅडमना आवडलं असतं असं.

दहापर्यंत तो आला नाही.
सुगतला हे सांगितलं नाही. झोप म्हटलं, उद्या चाचणी आहे.
अकरा वाजून गेल्यावर कुलरमधलं पाणी संपलं,
मोटर कोरडी घरघरायला लागली, बंद केली,
तेव्हा कुठूनसा बँड ऐकू आला.
मानेवाड्याकडून की दुसरीकडून, कोण जाणे.
क्लॅरिनेट पुढं पळत होतं, ढोल दमलेला,
आणि सगळ्यांच्या मागं एक भोंगा,
अर्ध्या मात्रेनं उशिरा.